चार वाजताची खूण

फोन आला तेव्हा मी कपाटात डोकं घालून बसलो होतो. एका हातात पेन, दुसऱ्यात लाल जिलेटीन गुंडाळलेली बॅटरी. "काका, लगेच या," नर्स म्हणाली. डहाणूतल्या आमच्या घरापासून दवाखाना दहा मिनिटांवर, तरी मी पोचेपर्यंत सुमन गेली होती. चारच्या खुणेसाठी तिनेच मला घरी पिटाळलं होतं...

सुमन, माझी बायको, तलासरीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. भातपेरणीआधी शेतात पालापाचोळा जाळून राब भाजला की जळक्या लाकडांवर नारिंगी बुरशी धरते. ती तिने एकदा बाटलीत भरून आणली आणि निवृत्तीनंतरही सोडली नाही. लांब काचेच्या नळीत, अंधाऱ्या कपाटात, बुरशी एका टोकाकडून दुसऱ्याकडे सरकत जाते आणि दर बावीसेक तासांनी नारिंगी पट्टा उमटवते. कुठवर आली, तिथे रोज चारला काचेवर खूण करायची. "उकाड्यात ती भरभर वाढते हो, पण घड्याळ पुढे पळत नाही," सुमन सांगायची. एका जनुकात बिघाड असलेली दुसरी जातही तिच्याकडे होती. ऊन तापलं की तिची वेळ चुकायची. मी रेल्वेत पाळ्या करून कधीही जेवणारा, कधीही झोपणारा माणूस. "तुमचं तेच जनुक गेलंय," म्हणायची आणि ताट वाढायची.

ती दवाखान्यात गेली त्या पहिल्याच दिवशी मी घोळ घातला. लाल बॅटरी सापडेना, म्हणून साधी लावली. पांढरा उजेड पडला की बुरशीचं घड्याळ नव्याने लागतं, हे इतकी वर्षं ऐकून मला पाठ होतं. संध्याकाळी तिने विचारलं, "खूण केलीत?"

"केली गं."

"लाल उजेडातच ना?"

मी हो म्हणालो. आजारी माणसाला कशाला सांगा, असं वाटलं. उद्या सांगू, परवा सांगू करत राहिलो, आणि ती गेली. 

परवा नळी उजेडात आणली. आधीचे पट्टे सारख्या अंतरावर, मग एक भलत्याच जागी, आणि त्यापुढे पुन्हा तेवढ्याच अंतरावर, अगदी टोकापर्यंत. सुमनने बघताक्षणी मला पकडलं असतं.

आता नळी संपली, बुरशीही वाळली. घरात बोलायला कुणी नाही. तरी चार वाजले की मी कपाट उघडतो, लाल बॅटरी लावतो आणि रोज तेच सांगतो, "सुमन, त्या दिवशी साधी लावली होती गं."