काटेरावाची आरोळी

टीव्हीवर काटेराव नावाचं एक साळिंदर आहे. परदेशातलं कार्टून, पण मराठीत बोलतं. एवढंसं पोर, अंगभर काटे, आणि संकट आलं की टेकडीवर चढून आरोळी ठोकतं. माझ्या अंगणवाडीतली पोरं गेली पंधरा वर्षं ती आरोळी ठोकून माझं डोकं उठवत आली आहेत. त्या आरोळीची मालकीण चार घरं सोडून अंगणात लसूण सोलत बसलेली असायची, हे त्यांना काय ठाऊक! ती माझी सख्खी आत्या, मालनबाई.

आत्याचा नवरा लवकर गेला. तेव्हा ती पुण्यात पोळ्या लाटायला गेली आणि एका रेकॉर्डिंगच्या ऑफिसात रोज डबे पोचवू लागली. तिथल्या खिडकीत कबुतरांचा सुळसुळाट. एकदा एकाने उघड्या डब्यात चोच घातली आणि आत्याने सवयीने आरोळी दिली, ज्वारीवरची पाखरं उठवायची: "हाऽऽ रं होऽऽ!" आतले साहेब कानांवरचा हेडफोन काढून धावत बाहेर आले. आग लागली असं त्यांना वाटलं म्हणे. मग त्यांनी सातवी शिकलेल्या आत्याच्या हातात कागद दिला आणि म्हणाले, "वाचा बघू." ती काटेराव झाली ती अशी. मूळ कार्टूनमध्ये तो नुसता कोल्ह्यासारखा ओरडायचा. मराठीत त्याला आमच्या तिसगावच्या शिवारातली आरोळी मिळाली.

पुढे ती गावी परत आली, तरी महिन्यातून दोनदा एसटीने पुण्याला जायची. गावाला वाटे, जुन्या मालकिणीकडे कामाला जाते. मी म्हणायचे, "अगं, सांग की लोकांना." तर म्हणायची, "काय सांगू? साळिंदराचं काम करती म्हनून?" कार्टून संपल्यावर मराठी आवाजांची नावं दाखवत नसत. त्यामुळे तिचं नाव कधी कुठे आलंच नाही, आणि तिलाही त्याचं काही वाटलं नाही. वाटलं ते मलाच.

गेल्या उन्हाळ्यात तिच्या गळ्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, गाठ काढता येईल, पण आवाजाचं सांगता येत नाही. गाठ गेली, तिच्याबरोबर आवाजही गेला. उरली ती कुजबूज. तवा तापलेला असेल तर त्याच्या चरचरीत तिचं बोलणं ऐकूही येत नसे. आठ दिवस ती कुणाशी बोलली नाही. नवव्या दिवशी म्हणाली, "पोरांचा काटेराव मुका न्हाई ऱ्हायला पायजे."

ऑफिसातून सहा मुलींचे आवाज माझ्या मोबाईलवर आले. निवड आत्यानेच करायची होती. तिने डोळे मिटून सगळे तीनदा ऐकले आणि पुण्याच्या राजनंदिनी नावाच्या पोरीवर बोट ठेवलं. "हिला खोटं हसता येत न्हाई," म्हणाली.

दिवाळीत नवे भाग लागले आणि मोबाईलवर नुसता भडका उडाला. लहानपणापासून काटेराव बघत मोठी झालेली पोरं आता कॉलेजात होती, नोकरीला होती, आणि हाताला काम नसल्यासारखी त्या पोरीच्या मागे लागली. 'रडका काटेराव', 'आमचं बालपण विकलं', 'जुना आवाज परत आणा'. कुणीतरी राजनंदिनीचा फोटो शोधून काढला आणि खाली जे लिहिलं ते मी इथे लिहिणार नाही. एकेकाला समोर उभं करून मुस्काटात द्यावी असं मला वाटायचं. आणि हे सगळं कुणासाठी? आत्यासाठी! जिचं नाव त्यांनी कधी विचारलं नव्हतं, तिच्यावरच्या प्रेमापोटी ते एका तेवीस वर्षांच्या पोरीला फाडून खात होते.

ऑफिसवाल्यांनी राजनंदिनीला सांगितलं, होळीपर्यंत बघू, नाहीतर तुला काढावं लागेल.

हे कळलं तेव्हा आत्या भाकरी थापत होती. तिने परात बाजूला सारली. "मीच निवडली तिला. माझ्या पायी खाती शिव्या. धर तुझा मोबाईल."

पदर नीट करून ती भिंतीपुढे बसली आणि त्या कुजबुजत्या आवाजात बोलली, "मी मालनबाई. काटेरावाचा आवाज माजा हुता. गळ्याचं आपरेशन झालं, आवाज गेला. ह्या पोरीला मीच निवडलं. तिला बोलू नका." एवढंच. मी ते मोबाईलवर टाकलं आणि निश्चिंत झाले. आता सगळे ओशाळतील, माफी मागतील, असं मला वाटलं. मूर्ख मी.

संध्याकाळपर्यंत शेकडो उत्तरं आली. 'ही म्हातारी कोण?' 'कंपनीने पैसे देऊन बसवली.' 'हिचा आवाज ऐका आणि काटेरावाचा ऐका, काय थट्टा लावलीय!' मी मोबाईल लपवू लागले, तर आत्याने हात पुढे केला. सगळं वाचलं. मग म्हणाली, "खरं हाय त्यांचं. ते मला वळखत न्हाईत. आवाजाला वळखत्यात."

संक्रांत झाल्यावर राजनंदिनी आमच्याकडे आली. आत्यानेच बोलावून घेतली. दिसायला काडी, डोळे सुजलेले. आत्याने तिला जेवूसुद्धा दिलं नाही, तडक शेतात नेलं. ज्वारी हुरड्यात आली होती आणि मधोमध माळा बांधलेला होता. आजकाल सगळे चकचकीत पट्ट्या बांधून मोकळे होतात, पण आत्या अजून माळ्यावर बसून गोफणीने पाखरं राखायची. तिने राजनंदिनीला वर चढवलं, गोफण हातात दिली. पोरीने दगड मारला तो मागेच गेला, माझ्या डोक्यावरून. आरोळी मात्र तिने जीव तोडून मारली. पाखरं भेदरून उठली, गरगरली आणि पुन्हा त्याच कणसांवर बसली.

"काकू, मला जमणार नाही," ती रडायलाच लागली.

आत्या वर चढून तिच्या कानाला लागून बोलली. मी शिडीवर चढून कान टवकारले तेव्हा कळलं. "तू रागानं वरडती. पाखरावर राग धरायचा न्हाई. त्येला बी पोट हाय. पयला दगड जाऊ दे, मंग आवाज. आन् शेवट वर न्यायचा, म्हंजी त्येला वाट दिसती. हितं न्हाई बाबा, तिकडं जा. एवढंच सांगायचं."

तीन दिवस हेच. आत्या डबड्यावर काठीने ताल द्यायची आणि पोट दाबून दाखवायची, आवाज इथून. तिसऱ्या दिवशी दुपारी मी भाकरी घेऊन बांधावरून येत होते आणि आरोळी ऐकली. टोपली हातातून पडायची राहिली. आत्याचा आवाज परत आला असं मला वाटलं. मी पळत गेले. माळ्यावर राजनंदिनी एकटी उभी होती, पाखरं ओढ्याकडे निघाली होती, आणि आत्या खाली, दोन्ही हात मांडीवर ठेवून वर बघत होती.

होळीच्या आठवड्यात राजनंदिनीच्या या आरोळीचा भाग लागला. तासाभरात मोबाईल वाजू लागला. 'आला! जुना आवाज परत आला!' 'आपण जिंकलो!' 'त्या नव्या पोरीला हाकललं एकदाचं!' पेढ्यांची चित्रं, फटाक्यांची चित्रं.

राजनंदिनीचा फोन आला. नोकरी राहिली होती. ती हसत होती की रडत होती, मला कळेना. "काकूंना द्या ना. काकू, ते मीच होते. आता कुणाला सांगू मी?" आत्या फोनमध्ये काहीतरी बोलली. पलीकडून पोरगी म्हणत राहिली, "ऐकू येत नाही काकू, काहीच ऐकू येत नाही." शेवटी आत्याने फोन माझ्याकडे दिला. "सांग तिला, कुनाला सांगू नको. तुला बी इचारतील, ही कोन."

मी ते तसंच सांगितलं.

फोन ठेवल्यावर आत्या म्हणाली, "त्ये वरडायचं लाव एकदा." मी भाग लावून दिला. काटेराव टेकडीवर चढला आणि ओरडला. "अजून." मी पुन्हा लावला. तिसऱ्यांदा माझं लक्ष तिच्याकडे गेलं. तिने आपला हात गळ्यावर, टाक्यांच्या वणावर ठेवला होता आणि आरोळी चालू असताना बोटांनी दाबून बघत होती, आत काही थरथरतंय का.

तिने हात खाली घेतला आणि लसूण सोलायला बसली.