देवकाबाईचे हेलिपॅड

२७ मार्च २०२४, बुधवार. ऊन सकाळपासूनच कडक. दुपारी अचानक हेलिकॉप्टर आले, विक्कीच्या बायकोला, माधवीला, गडचिरोलीला घेऊन गेले. शाळेतला माझा दुपारचा चहा राहून गेला.

कोसमटोल्यातले हेलिपॅड जवानांच्या कँपचे असले, तरी गावात ते देवकाबाईचेच समजतात. दहा वर्षांपूर्वी कँप आला तेव्हा गावाने दारे लावून घेतली होती. तळ्यात मासे धरून पोट भरणारी ही विधवा बाई मात्र टोपली घेऊन कुंपणापाशी जाऊन उभी राहिली. "खानारे तं मानसंच असतीन ना," म्हणाली. हळूहळू गावचे आजारी कँपच्या डॉक्टरकडे जाऊ लागले. पुढे हेलिपॅड झाले. धूळ उडू नये म्हणून ते शेणामातीने सारवायचे काम देवकाबाईने घेतले आणि स्वतःच्या अंगणापेक्षा निगुतीने केले.

एवढी स्वच्छ जागा गावात दुसरी नाही. म्हणून बायका तिथेच मोहफुले वाळत घालू लागल्या. हेलिकॉप्टर यायचे नसेल त्या दिवशी कँपचे साहेब काणाडोळा करत.

त्या बुधवारीही ते यायचे नव्हते. पण माधवीचे बाळ आडवे आले आणि डॉक्टरांनी वायरलेसवरून ते मागवले. जमिनीवर फुले असली तर ते उतरणार नव्हते. एखादा पसा जरी पंख्यात ओढला गेला तरी घात.

बायका धावल्या. पण जी ती आपलीच फुले वेगळी भरू लागली.

"रुखमा, माह्या फुलाले हात लावू नको," एक बाई ओरडली.

"मी काऊन लावू? तुहीच फुलं माह्याकडं येऊन राह्यली."

देवकाबाईची फुले सगळ्यांत चांगली वाळली होती. तिने खराटा उचलला आणि ती सरळ रुखमाच्या ओल्या फुलांत लोटली.

"आता कोनाचं काई वेगळं नाई. झाडा."

"अवो बाई, पन वाटे?"

"मी करून देईन. पोरगी तिकडं तळमळून राह्यली."

बायकांनी खराटे उचलले. जवान ताडपत्र्या घेऊन आले. बिरजू नावाचा बिहारी जवान ढीग ओढताना म्हणाला, "अम्मा, इतना दारू का माल?"

"दारू तुले सुचते. आमी लाडू करतो."

"तो लड्डू खिलाओ."

"पयले झाड."

जागा मोकळी झाली तेव्हा हेलिकॉप्टर झाडांवर घिरट्या घालत होते. ते उतरले, माधवीला घेऊन गेले. देवकाबाई कँपच्या फाटकाशी बसून राहिली, पाणीसुद्धा प्यायली नाही. दिवस मावळताना पहारेकऱ्याने निरोप सांगितला: मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. तेव्हा कुठे ती उठली आणि ढिगाशी गेली. एकाच टोपलीने तिने सगळ्यांना सारखे मापून दिले. स्वतःचा वाटा शेवटी घेतला; त्यात मातीच जास्त होती. रुखमाने आपल्यातली दोन ओंजळी फुले तिच्या टोपलीत टाकली.

संध्याकाळची नोंद: देवकाबाईने आपल्या वाट्यातली थोडी मोहफुले माझ्याकडेही पाठवली. खडे फार. दोनदा धुऊन ओट्यावर पसरली.