खर्ड्याच्या पाच लेकी

ताईचा मुलगा सात वर्षांचा असताना अंगणात सारखा पडायला लागला. ताईला काष्टीला दिलेलं. तिच्या सासूला वाटायचं, पोरगं आळशी आहे. पडल्यावर तो आधी ओणवा व्हायचा, मग दोन्ही हात स्वतःच्याच गुडघ्यांवर, मांड्यांवर टेकत टेकत वर यायचा. पोटऱ्या मात्र पहिलवानासारख्या. गावात त्यांचं कौतुकच व्हायचं.

मी तेव्हा राहुरीला, कृषी विद्यापीठाच्या ज्वारीच्या प्लॉटवर मदतनीस होते. कणसांना कागदी पिशव्या बांधायच्या, कुठल्या वाणाचा कुठल्याशी संकर केला त्याच्या वंशावळी लिहून ठेवायच्या. घरात शिकलेली मीच, म्हणून ताई मुलाला घेऊन पुण्याला निघाली तेव्हा आईने मला सोबत धाडलं.

डॉक्टर पन्नाशीच्या बाई होत्या. त्यांनी मुलाला जमिनीवर बसवलं, उठवलं, पुन्हा बसवलं. मग नर्सबरोबर त्याला बाहेर पाठवून म्हणाल्या, "याचे स्नायू झिजतायत. दहा-बारा वर्षांचा होईपर्यंत चालणं थांबेल. यावर औषध नाही." त्यापुढचं त्यांनी सांगितलं नाही. ताईने विचारलंही नाही.

"तुमच्या आईच्या माहेरी कुणी असं होतं का?"

"नाही," ताई म्हणाली. आम्हाला खरंच ठाऊक नव्हतं.

त्यांनी कागद ओढला. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. आजारी मुलगा म्हणजे काळा चौकोन. "हा दोष येतो आईकडून आणि भोगतो मुलगा. बाई बहुतेक धडधाकट असते, तिला पत्ताही नसतो." आईच्या गोलाखाली त्यांनी दोन गोल काढले. ताईच्या गोलात ठिपका दिला, म्हणजे दोष वाहणारी. पेन्सिल माझ्या गोलावर थांबली.

"तुमचं लग्न झालंय?"

"नाही."

त्यांनी तिथे प्रश्नचिन्ह काढलं.

मग काय वाटलं कोण जाणे, त्यांनी कपाटातून आणखी दोन कागद काढले. नगर जिल्ह्यातलीच दोन घरं, एक कर्जतकडचं, एक शेवगावकडचं. नावं नव्हती, फक्त गोल, चौकोन आणि गावं. काळे चौकोन मी मोजले नाहीत. दोन्ही कागदांवर अगदी वरच्या गोलाशेजारी लिहिलं होतं : माहेर खर्डा.

"माझ्या आजीचं, आईच्या आईचं माहेरही खर्डा," मी म्हणाले.

डॉक्टरांनी तिन्ही कागद टेबलावर जवळ जवळ सरकवले. मग म्हणाल्या, "तिघी एकाच घरच्या असाव्यात. त्या घरातून एकूण किती लेकी बाहेर गेल्या, ते शोधता येईल तुम्हाला?"

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. ती ज्वारी निवडत होती. हात थांबला.

"म्हंजे माज्यातून आलं व्हय गं?"

मी तिच्यासमोर बसून ज्वारीतले खडे वेचायला लागले. मग तीच बोलली. "माजा धाकला भाऊ. त्यो बी असाच पडायचा. मंग बसूनच असायचा."

मामा लहानपणी विहिरीत पडून गेला, एवढंच आम्ही ऐकत आलो होतो.

"चालता येत नव्हतं त्याला?"

"न्हाई."

विहीर आजोळच्या घरापासून दोन शेतं लांब होती, मी ती पाहिली होती. पुढचा प्रश्न माझ्या ओठांवर आला. आईने सूप उचललं आणि ती आत गेली. तो प्रश्न मी तिला कधीच विचारला नाही.

पुढच्या रविवारी मी एसटीने खर्ड्याला गेले. आजीच्या माहेरी आता आईची मामी तेवढी उरलेली, पार वाकलेली. तिच्या मुलाने कौतुकाने घराची वंशावळ दाखवली. नऊ पिढ्या, आणि त्यात एकही बाई नाही.

म्हातारी हसली. "लेकी कोन लिवतंय, बाई? पन माज्या ध्यानात हायती. पाच हुत्या." तिने बोटांवर मोजत सांगितलं. एक माझी आजी. एक कर्जतकडे, एक शेवगावकडे. चौथी पहिल्या बाळंतपणातच गेली. पाचवी पाथर्डीच्या बाजूला दिलेली. "तिला येकच लेक. त्या लेकीला बी दोन पोरीच. पोरगं न्हाईच त्या वंशाला. थोरलीचं लगीन झालं औंदा."

पोरगं नाही, म्हणून तिथे काहीच दिसलं नव्हतं. अंगात असूनही दिसलं नसेल. परतीच्या गाडीत मी त्या पाचव्या फांदीचे गोल काढत राहिले, आणि कागदाची खालची कोरी जागा मला बघवेना.

ती थोरली नगरजवळच्या एका गावात नांदत होती. लांबची बहीण म्हणून मी गेले. सासूने चहा केला, पोहे केले. सुनेला पाचवा महिना होता. सासूच्या देखत बोलले असते तर पोरीची रवानगी दुसऱ्या दिवशी माहेरी झाली असती. ती मला परसातला भोपळ्याचा वेल दाखवायला घेऊन गेली, तिथे मी हळू आवाजात सांगितलं. असेलच असं नाही, पण असू शकतं. पुण्याला रक्त तपासतात, तरी तेही खात्रीचं नाही.

तिने सगळं ऐकून घेतलं. वय एकोणीस असेल. "ताई, मला मुलगी होऊ दे म्हणून नवस करू का?"

मी वेलाचं एक वाळलेलं पान खुडलं.

"आत्याबाईंना बोलू नका," ती घरातल्या सासूकडे बघत म्हणाली.

माझं रक्त तपासलं तेव्हा स्नायूंची झीज दाखवणारा आकडा बरोबर आला. डॉक्टर म्हणाल्या, आकडा बरोबर आला म्हणजे सुटलात असं समजू नका. पुढे दोन स्थळांना मी आधीच सांगून टाकलं. दोघांनीही पुन्हा निरोप पाठवला नाही, आणि आई माझ्याशी आठवडाभर बोलली नाही. तिसऱ्याने ऐकून घेतलं. त्याच्याशी लग्न केलं, मूल होऊ दिलं नाही. ताईच्या मुलाचे पाय अकराव्या वर्षी थांबले. ताई त्याला कडेवर घेऊन शाळेत सोडायची. दप्तर सासू उचलायची, तीच जी त्याला आळशी म्हणायची.

या सगळ्याच्या आधी, त्याच वर्षी, नगरजवळच्या त्या पोरीला मुलगी झाली. बारशाचं बोलावणं आलं म्हणून मी गेले. पाळण्याभोवती बायका गात होत्या. तिच्या सासूने माझ्या हातात घुगऱ्या दिल्या आणि आग्रहाने म्हणाली, "तुमी शिकल्या-सवरल्या. आशीर्वाद द्या, फुडच्या खेपंला पोरगाच होऊ द्या."

सगळ्या बायका हसत माझ्याकडे बघायला लागल्या. पाळण्याची दोरी धरून ती पोरगीही बघत होती, पण हसत नव्हती. मी घुगऱ्यांची मूठ तोंडात कोंबली, बोलावं लागू नये म्हणून.