मार्केटिंग की एचआर? आणि मध्ये कांदा-लसूण मसाला

माझ्या मुलीनं बीबीएच्या शेवटच्या वर्षाला कोणता विषय घ्यावा हे ठरवताना कोल्हापुरातली निदान दोनशे माणसं एकदम शिंकली. त्याला जबाबदार मी.

अनुजाला एचआर घ्यायचं होतं, मला मार्केटिंग हवं होतं. सोमवारी कॉलेजात फॉर्म द्यायचा होता आणि त्यावर पालकांची सही लागत होती, त्यामुळं घरात मला अचानक किंमत आली होती!

"एचआर म्हंजे करायचं काय गं?" मी विचारलं.

"माणसं सांभाळायची, पप्पा."

"त्याला डिग्री कशाला? तुझी आई मला बिनडिग्रीची सांभाळती की!"

"म्हणून तर किती दमलीय बघा!"

मार्केटिंगचा माझा अनुभव दांडगा. कळंब्याच्या रस्त्याला माझं पाण्याच्या मोटारींचं दुकान आहे. (मोटार जळाली की गिऱ्हाईक आपोआप येतं, पण हे मी घरात कधी बोललो नव्हतो.) त्यात रविवारी माझी बायको सुनीता हिच्या बचत गटाचा एका हॉलमधल्या प्रदर्शनात पहिलाच स्टॉल होता, कांदा-लसूण मसाल्याचा. आठवडाभर त्या बायका मिरच्या भाजत होत्या. मी जाहीर केलं, "स्टॉलवर मी उभारणार. मार्केटिंग काय असतंय ते डोळ्यांनी बघ, अनुजा!"

हॉल गच्च भरला होता, पण आमच्याकडं कुणी फिरकेना. "पावणं, या की!" मी ओरडलो. पावणं दचकलं आणि शेजारच्या पापडांकडं वळलं. मग मला सुचलं, मसाल्याचा वास लोकांपर्यंत गेला पाहिजे! स्टॉलमागं एक भलामोठा पंखा होता. मी पिशवी फोडून परातीत ओतली आणि परात पंख्यापुढं धरली.

"अहो, काय करालाय?" सुनीता किंचाळली.

"मार्केटिंग!" म्हणत मी बटण दाबलं.

वास गेला. वासाबरोबर मसालाही गेला!

व्यासपीठावर प्रमुख पाहुणे भाषणात सांगत होते, "महिलांनी आता स्वतःच्या पायावर... आक्छी!" पुढच्या रांगेनं त्यांना साथ दिली, मग मागच्या. गगनबावड्याच्या पापडवाल्या काकू पदरानं डोळे पुसत माझ्यावर धावल्या. "आमच्या पापडांवर तांबडा धुरळा बसला की ओ!" तेवढ्यात आयोजक शिंकत शिंकत आला. "हा स्टॉल आत्ताच्या आत्ता बंद करा!" सुनीताचे डोळे मसाल्यानं लाल झालेत की रागानं, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

आणि मग अनुजा पुढं झाली. तिनं आधी पंखा बंद केला. "सर, जरा दारं उघडायला सांगता? तुमचं सगळे ऐकतात," ती आयोजकाला म्हणाली. स्टॉल बंद करायला आलेला माणूस स्वतःच दारं उघडायला पळाला! "काकू, मसाला पापड म्हणून विका की! मी पाटी लिहून देते." काकू शिव्या अर्ध्यावर सोडून हसल्या. समोरच्या ताकवाल्याकडून तिनं ताक आणवलं, म्हाताऱ्यांना खुर्च्या दिल्या, आईच्या रडकुंडीला आलेल्या मैत्रिणींना पुन्हा पाकिटांपाशी बसवलं. शेवटी माझ्याकडं वळली.

"पप्पा, तुम्ही ताक वाटा. बोलायचं न्हाई."

मी वाटलं. बोललो नाही.

एक आजोबा ताकाच्या मिशा पुसत म्हणाले, "मसाला झणझणीत हाय गं पोरी. दे दोन पाकिटं!" त्यांच्यामागं रांग लागली. दुपारपर्यंत स्टॉल रिकामा!

"बघ, शेवटी मार्केटिंगनंच खपला की!" घरी जाताना मी छाती फुगवली.

"व्हय पप्पा," अनुजा शांतपणे म्हणाली. दिवसभरात तिनं एकदाही आवाज चढवला नव्हता. एवढ्या चिडलेल्या माणसांतून एकही माणूस तिनं चिडलेला परत पाठवला नाही. हे मला पन्नाशीतही जमलेलं नाही. सोमवारी मी निमूट सही केली. एचआरवर.

यंदा तिनं प्रोजेक्ट केला, 'कुणाचं न ऐकणाऱ्या कर्मचाऱ्याकडून काम कसं करून घ्यावं'. सर म्हणाले, उदाहरण फारच जिवंत वाटतंय. वाटणारच! पहिल्याच पानावर माझा फोटो आहे. त्या पानाची प्रत मी दुकानात लावलीय, आणि ती कौतुकानं दाखवल्याशिवाय एकाही गिऱ्हाइकाला सोडत नाही!