मास्तरांचं इंग्रजी घसरलं तो दिवस

कुरुंदवाडात प्रभुलिंग मास्तरांचं इंग्रजी म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. एका पुरुषाला 'ही' आणि अनेकांना 'दे', हा नियम त्यांनी आमच्या डोक्यात छडीनंच बसवला. आम्ही पोरं मात्र वडिलांवर निबंध लिहिताना हटकून 'दे' लिहायचो. वडिलांना 'तो' कोण म्हणणार? घरी कळलं असतं तर पायताण बसलं असतं.

"आरं, तुझं वडील एक हाईत का धा?" मास्तर ओरडायचे. "इंग्रजीत राजाबी 'ही' आणि राजाचा नोकरबी 'ही'. सायबाला मानपान काय कळत न्हाय!"

एवढ्या पक्क्या माणसाची कधी फजिती होईल असं वाटत नव्हतं. ती बघायची हौस मात्र आम्हाला दांडगी होती.

अठ्ठ्याण्णव साली आमचे मुख्याध्यापक मुल्ला सर निवृत्त झाले. प्रभुलिंग मास्तरांना लहानपणी इंग्रजी शिकवलं ते यांनीच. जूनपासून शाळेत इंग्रजी माध्यमाचे वर्ग निघणार होते आणि त्यांचं प्रमुखपद मास्तरांना मनापासून हवं होतं. संस्थेचे अध्यक्ष मुल्ला सरांना विचारूनच नाव ठरवणार होते. म्हणून मास्तरांनी निरोपाचं भाषण इंग्रजीत लिहिलं आणि आठवडाभर घोकलं.

समारंभात मास्तर कोट घालून उभे राहिले. समोर पहिल्या रांगेत, गळ्यात हार घालून मुल्ला सर. कागदावर होतं, 'ही इज माय गुरू.' मास्तरांनी सरांकडे पाहिलं आणि ते म्हणाले, "दे... दे आर माय गुरू."

मग भाषणभर दे, दे आणि दे. मागं आम्ही फिदीफिदी हसत होतो. मला तर आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. अध्यक्ष मात्र कपाळाला आठ्या घालून बसले होते.

कार्यक्रम संपल्यावर मास्तर सरांच्या पाया पडले.

"सर, कागदावर बरोबर हाय. पर तुमच्या तोंडावर तुम्हाला 'तो' म्हणवंना."

"मी चुका मोजत होतो की," मुल्ला सर म्हणाले. "तीन झाल्या, मग डोळं भरलं. पुढच्या मोजायच्या ऱ्हाऊनच गेल्या."

मग ते शेजारी उभ्या असलेल्या अध्यक्षांकडे वळले. "साहेब, ह्याचं इंग्रजी आज घसरलं. पण पोरं ह्याच्याच हवाली करा."

मास्तर सगळ्यांदेखत रडले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला ते आवडले.