कोपऱ्यातली कुंडी

गणपतीच्या आदल्या दिवशी शेजारच्या काकू पत्री खुडायला आमच्या गच्चीवर आल्या. दूर्वा, मारवा, जाईची पानं घेता घेता त्यांचा हात कोपऱ्यातल्या उंच रोपापाशी थांबला.

"हे कसलं गं?"

"झेंडू आहे," मी म्हणाले. पानं तशीच लांबट, करवती असतात.

टोमॅटो लावायचेत म्हणून मुलाने माझ्याकडून माती कालवून घेतली होती. शेणखत, कोकोपीट, निंबोळी पेंड, सगळं मी हौसेने मिसळलं. त्यात वाढला गांजा. कळल्यापासून जिन्यात बूट वाजले तरी मला पोलीसच आल्यासारखे वाटतात. उपटायला म्हणून रोज वर येते आणि ती टवटवी पाहून हात आखडतो. माती बरी. पोटात पडेल ते वाढवते, नाव विचारत नाही. मला मात्र आता नाव ठाऊक आहे.

"मग दसऱ्याला तोरणाची फुलं तुझ्याकडूनच नेईन," म्हणत काकू जिना उतरल्या.

मी झारी उचलली आणि त्या कुंडीला पाणी घातलं.