भोंग्यातून आलेली विचारपूस

शहाद्यात आमच्या जिनिंगच्या ऑफिसातल्या फोनला आवारातले भोंगे जोडायला एक वायरमन आला होता. कानावर पेन्सिल, खिशात टेस्टर. जोडणी झाल्यावर त्याने मला कापसाच्या ढिगाजवळ उभं केलं आणि आत जाऊन रिसीव्हर उचलला. आता 'हॅलो, वन टू थ्री' येणार, असं मला वाटलं. भोंग्यातून आलं, "भाऊ, जेवनात का?"

ढिगावरच्या बायका "हाव, हाव" म्हणत हसल्या.

नंतर तो म्हणाला, "वन टू थ्रीले कोनी जबाब देत नही, भाऊ."

सातारा सोडून शहाद्याशेजारच्या लोणखेड्यात एकटा राहायला लागल्यापासून 'जेवलात का' हे मला कुणी विचारलंच नव्हतं. आता भोंगा दिवसभर माझ्या नावाने ओरडतो, 'फाइल आणा, केबिनमध्ये या.' मी जातो. दुपारी मात्र डबा घेऊन त्याच भोंग्याखाली बसतो आणि झाकण जरा उशिरानेच उघडतो.